नैनिताल 'करायचं' की तळ्याकाठी राहायचं? उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या तलावांवरच्या निवांत आठवड्याचं नियोजन

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं चौघांचं कुटुंब : नवरा-बायको, ९ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या ६८ वर्षांच्या सासूबाई. हातात आठ-नऊ दिवस. टूरवाल्याने कार्यक्रम दिलाय : नैनितालला दोन रात्री, राणीखेतला एक, कौसानीला दोन, कॉर्बेटला एक. अपेक्षा एवढीच की परत आल्यावर थकवा काढायला आणखी दोन दिवस रजा टाकावी लागू नये. मेमध्ये जावं की दिवाळीत, राहावं कुठे आणि हा कार्यक्रम ठेवावा की नाही?

कार्यक्रम ठेवू नका. त्यात वाईट जागा एकही नाही, पण चार मुक्काम म्हणजे चार वेळा बॅगा भरणं आणि मधले दिवस गाडीत. डोंगरातल्या रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरचा हिशेब धरायचा, नकाशातला वेळ बघायचा नाही. कौसानीहून रामनगरला, म्हणजे कॉर्बेटच्या दाराशी, उतरायचं तर जवळजवळ अख्खा दिवस जातो, आणि तोही वळणांवर. सासूबाईंना आणि मुलाला गाडी लागत असेल तर त्या दिवसाची आठवण तेवढीच उरते.

त्याऐवजी एकच मुक्काम, सहा रात्री, आणि तो नैनितालला न करता भीमताल किंवा नौकुचियातालला. नैनितालचं तळं सुंदर आहे, वाद नाही. पण ते सुमारे १९४० मीटरवर, तिन्ही बाजूंनी उभ्या कड्यांच्या वाटीत बसलंय. सपाट जागा म्हणजे मॉल रोड आणि तळ्याच्या वरच्या टोकाचं मल्लीतालचं मैदान, बाकी प्रत्येक हॉटेल चढावर किंवा पायऱ्यांवर. सीझनमध्ये गाड्या शहराबाहेरच अडवून शटलने पाठवतात. भीमताल साधारण १३७० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याच उंचीला. दरी रुंद, ऊन भरपूर, आणि तळ्याभोवतीचा रस्ता बराचसा सपाट. तळंही नैनितालच्या तळ्यापेक्षा मोठं. तिथून चार-पाच किलोमीटरवर नौकुचियाताल : आणखी शांत, आणि सुमारे ४० मीटर खोलीचं, म्हणजे या भागातलं सगळ्यात खोल. बाजार, औषधं, एटीएम हाताशी हवं असेल तर भीमताल. संध्याकाळी पाखरांशिवाय काही ऐकू नको असेल तर नौकुचियाताल. सासूबाईंचा विचार करता भीमतालचं पारडं थोडं जड आहे.

आता मे की दिवाळी. दिवाळी, आणि तीही भाऊबीज घरी करून मग निघायचं. मेमध्ये मैदानातली सगळी दिल्ली वर चढलेली असते. शिवाय हवेत धूर आणि धुरकं असतं, कारण एप्रिल ते जून हा चीडच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, जंगलांना वणवे लागण्याचा काळ. २०२४च्या एप्रिलअखेर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलून वणव्यावर टाकलं होतं, यावरून काय ते समजा. त्या दिवसांत हिमशिखरं दिसण्याची आशा धरू नये. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही : भीमतालच्या तळ्याला १८८३ साली बांधलेला बंधारा आहे आणि त्याचं पाणी खाली शेतीसाठी सोडतात. म्हणून मे-जूनला पाणी उतरतं आणि काठाला चिखलाची उघडी पट्टी दिसते. पावसाळ्यानंतर तळं काठोकाठ असतं. जून संपता संपता ते सप्टेंबरअखेरपर्यंतचा पाऊस तर टाळाच, दरडी कोसळतात. ऑक्टोबरही डोळे झाकून सुरक्षित धरू नका. १९ ऑक्टोबर २०२१ला इथून जवळच्याच मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटर पाऊस झाला आणि नैनितालच्या तळ्याचं पाणी मॉल रोडवर आलं होतं. नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा मात्र बहुतेक वेळा कोरडा आणि स्वच्छ असतो.

तारखा धरताना वारांची एक युक्ती लक्षात ठेवा : रविवारी चढा, शनिवारी उतरा. दिल्ली-मुरादाबाद-बरेलीकडची गर्दी शनिवारी सकाळी वर येते आणि रविवारी दुपारनंतर उतरते. तुम्ही उलट दिशेने गेलात की डोंगरपायथ्याचं शेवटचं रेल्वे स्टेशन असलेल्या काठगोदामच्या पुढचा तासाभराचा रस्ता तीन तासांचा होत नाही. बरोबर सहा रात्रीही भरतात.

पुण्याहून विमानाने दिल्ली. तिथून काठगोदामला दोन सोयीच्या गाड्या. जुन्या दिल्लीहून रात्री दहाच्या सुमाराला सुटणारी राणीखेत एक्स्प्रेस पहाटे पाचच्या आसपास पोचवते. वेळ वाचतो म्हणून सगळे तीच घेतात, आणि तिथेच पहिली चूक होते. खोली मिळणार दुपारी बाराला, तोवर थंडीत, अर्धवट झोपेत, सामान घेऊन बसायचं. नवी दिल्लीहून सकाळी सव्वासहाच्या सुमाराला सुटणारी काठगोदाम शताब्दी पावणेबाराच्या आसपास पोचते, आणि तुम्ही जेवायच्या वेळेला खोलीत असता. त्यासाठी आदली रात्र दिल्लीत, स्टेशनजवळ काढावी लागते. तो खर्च करा. परतीची शताब्दी काठगोदामहून दुपारी साडेतीनच्या आसपास सुटून रात्री नऊच्या सुमाराला दिल्लीत येते, म्हणून पुण्याचं विमान दुसऱ्या दिवसाचं घ्या. वेळा बदलत असतात, तिकीट काढताना पुन्हा बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या आठवड्याचं तिकीट ते उघडतं त्याच सकाळी काढावं. मुंबईकरांना वांद्रे टर्मिनसहून लालकुआँला साप्ताहिक गाडी आहे. लालकुआँ हल्द्वानीच्या अलीकडे येतं, पण दिवसाहून जास्त वेळ रेल्वेत बसायची तयारी असेल तरच. पंतनगरला विमानतळ आहे, मात्र उड्डाणं मोजकी आणि ऐनवेळी रद्द होणारी. त्यांच्या भरवशावर आखणी नको.

काठगोदामहून टॅक्सी स्टेशनबाहेरच्या स्टँडवर मिळते किंवा घरमालक पाठवतो. दुसरं बरं, कारण शेवटच्या वळणानंतर कुठे उतरायचं हे त्या ड्रायव्हरला माहीत असतं. रानीबागला रस्ता फुटतो : डावीकडे नैनिताल, आणि गौला नदीचा पूल ओलांडला की भीमताल. अंतर वीस-एकवीस किलोमीटर, वेळ पाऊण ते एक तास. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी गाडीत बसताना घेऊन उपयोग नाही, चढ सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी, म्हणजे रुद्रपूरच्या पुढे रेल्वेतच घ्यायची. रेल्वेतला नाश्ता अर्धाच खावा, पण पोट अगदी रिकामंही ठेवू नये. मुलाला पुढच्या सीटजवळ, समोर बघत बसवा आणि मोबाईल काढून घ्या.

खोली ठरवताना फोटोंवर जाऊ नका, फोन करा आणि नेमकं विचारा. पहिला प्रश्न : गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि कठडा आहे का? "थोडी सी हैं जी" या उत्तराचा अर्थ साठही होऊ शकतो, कारण पहाडी माणसाला साठ पायऱ्या खरंच थोड्या वाटतात. आकडा मागा, नाहीतर व्हिडिओ मागवा. दुसरा : खोलीचं तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला आहे का? नोव्हेंबरात सूर्य सव्वापाच-साडेपाचला मावळतो, पण डोंगराआड चारसाडेचारलाच जातो. पश्चिमेच्या धारेखाली असलेली खोली दुपारीच थंड पडते, आणि सकाळचं ऊन न मिळणाऱ्या खोलीत सासूबाई दहापर्यंत पांघरुणातून निघणार नाहीत. तिसरा : हीटर आणि गरम पाण्याची बादली भाड्यात धरली आहे की वेगळी, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालतं? गीझर बहुधा चालत नाही. 'लेक व्ह्यू' म्हणजे चीडच्या दोन झाडांमधून दिसणारी निळी फट असू शकते. तळं बाल्कनीतून दिसतं की गच्चीवरून, हे विचारा. सरकारी व्यवस्थेत राहायचं असेल तर कुमाऊँ मंडल विकास निगमची विश्रामगृहं भीमताल, नौकुचियाताल आणि सातताल या तिन्ही ठिकाणी आहेत. जागा उत्तम मोक्याच्या, खोल्या साध्या, सेवा सरकारी.

आता दिवस. सहा रात्रींत मधले पाच पूर्ण दिवस मिळतात. त्यातले फक्त दोन बाहेर जायचे, एक अर्ध्या दिवसाचा, आणि दोन पूर्ण मोकळे. मोकळे म्हणजे खरोखर मोकळे. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर 'सात तलावों का टूर' घेऊन दारात उभा राहील : दिवसाला सात पॉइंट, प्रत्येकी वीस मिनिटं, त्यातली दहा पार्किंगमध्ये. त्याला नम्रपणे नाही म्हणा. पॉइंट मोजायला आलेला माणूस तळ्याकाठी बसत नाही, तो फोटो काढून पुढच्या तळ्याला लागतो.

होडीची वेळ सकाळची, आठ ते दहा. उन्हाने उतार तापले की हवा दरीतून वर सरकायला लागते, अकरा-बारानंतर पाण्यावर वारा उठतो, लाटा येतात आणि वल्हवणाऱ्याला परत येताना जोर लावावा लागतो. सकाळी मात्र पाणी काचेसारखं असतं. पॅडलबोट घेऊ नका, गुडघ्यांना ती शिक्षा आहे. नावाड्यासकट चप्पूची, म्हणजे वल्ह्यांची, होडी घ्या. चढताना सासूबाईंनी पाऊल होडीच्या मध्यावर ठेवायचं, काठावर नाही, आणि दुसरा पाय आत आला की लगेच बसायचं. नावाडी हात देतो, पण उभं राहून फोटो काढायची घाई घरचेच करतात. लाइफ जॅकेटची एक साधी परीक्षा आहे : मुलाचे सगळे पट्टे लावून खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, पाण्यात त्याचा उपयोग नाही. लहान मापाचं मागा, असतं, फक्त ढिगाच्या तळाशी असतं. आणि पोहायला कुठल्याच तळ्यात उतरू नका. काठ एकदम खोल होतो, तळाशी गाळ आणि पाणवनस्पती, पाणी थंड. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते ओढतं.

अर्धा दिवस साततालला. भीमतालहून साधारण अर्ध्या तासाचा रस्ता. नावातल्या सातांपैकी काही आता नावालाच आहेत, पण गरुडताल आणि राम-लक्ष्मण-सीता ही जोडलेली तळी पुरेशी आहेत. बांज (ओक) आणि चीडचं दाट रान, आणि पक्ष्यांसाठी उत्तर भारतात नावाजलेली जागा. नोव्हेंबरपासून वरच्या हिमालयातले पक्षी थंडीमुळे खाली उतरतात, म्हणून हाच हंगाम. लांब शेपटीचा निळा मॅगपाय, राखी डोक्याचे पोपट, निळसर माशीमार हे नवशिक्यालाही दिसतात. सकाळी साडेसहा-सातला पोचा. दहानंतर जाल तर पाखरांऐवजी मॅगीच्या टपऱ्या आणि स्पीकर भेटतील. भीमतालच्या तळ्यातल्या बेटावर मत्स्यालय आहे, होडीने जाता येतं. मुलाला तासभर पुरेल, त्यापेक्षा जास्त नाही.

हिमशिखरं बघायची असतील तर एक दिवस मुक्तेश्वर. तळ्याच्या काठावरून बर्फाचे डोंगर दिसत नाहीत, त्यासाठी धारेवर चढावं लागतं, हे आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक ड्रायव्हर भवालीवरून नेतात. तो रस्ता टाळा. नीम करोली बाबांच्या कैंची धाम आश्रमाच्या भाविकांमुळे भवाली आणि कैंचीच्या आसपास गाड्या तुंबलेल्या असतात, आणि १५ जूनच्या मेळ्याला तर विचारूच नका. भीमतालहून चाफी-पदमपुरी-धानाचूलीमार्गे जा. वाटेत कलसा नदी लागते आणि बागांमधून चढत दोन तासांत मुक्तेश्वर येतं. सातला निघालात तर नऊच्या सुमाराला नंदादेवी आणि त्रिशूळ समोर असतात. दुपार जवळ आली की शिखरांवर ढग बसतात. देवळाच्या पायऱ्या सासूबाईंना जड जातील, पण शिखरं रस्त्यावरूनही दिसतात. उंची २२०० मीटरच्या वर आहे, म्हणून भीमतालपेक्षा पाच-सहा अंश जास्त थंड. स्वेटरवर जाकीट हवंच. या उंचीला विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, फक्त चढावर दम लवकर लागतो.

दुसरा बाहेरचा दिवस नैनितालचा. न जाता परत आलात तर घरचे बोलतील, म्हणून जा, पण मंगळवार ते गुरुवारमध्ये. आठला निघून तळ्याच्या खालच्या टोकाला, तल्लीतालला उतरा, आधी होडी, मग मॉल रोडने मल्लीतालपर्यंत साधारण दीड किलोमीटरची सपाट चाल. सासूबाईंना रिक्षा मिळते. नैना देवीचं दर्शन, रोपवेने स्नो व्ह्यू, जेवण, आणि तीनच्या आत परत. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं, बाकी दिवशीही तिथे चढ फार. जुन्या माहितीत टिफिन टॉप टेकडीवरच्या 'डोरोथी सीट' या दगडी बैठकीचं वर्णन सापडेल. ती ऑगस्ट २०२४मध्ये दरड कोसळून गेली, तिच्यासाठी चढू नका. मल्लीतालला हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका, माकडं ती नेतात. मागे धावणं तर मुळीच नको.

जेवणाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण हॉटेलच्या मेनूवर पनीर बटर मसाला असतो आणि माणसं आठवडाभर तोच खातात. घरगुती ठिकाणी राहत असाल तर कुमाऊँनी जेवण सांगा, पण सकाळीच सांगा. भट्ट की चुड़काणी काळ्या सोयाबीनची असते, भट्ट लोखंडी कढईत भाजून मग मंद आचेवर शिजवतात, तासाभराचं काम आहे. रात्री आठला मागून मिळत नाही. मडुआची भाकरी म्हणजे आपली नाचणी, आणि गहत की दाल म्हणजे चक्क आपला कुळीथ. सासूबाई पहिल्या घासालाच ओळखतील. काकडीच्या रायत्यात वाटलेली मोहरी असते, ती नाकात जाते, मुलाला आधी चमचाभरच द्या. भांगेच्या बियांच्या चटणीला घाबरू नका, बियांनी नशा होत नाही. आणि नोव्हेंबरात पहाडी लिंबं यायला लागली असतील तर 'साना हुआ नींबू' मागाच : मुठीएवढं जाड सालीचं लिंबू सोलून फोडी करायच्या, त्यात मुळ्याच्या काचऱ्या, दही, भाजून वाटलेल्या भांगेच्या बिया, गूळ, मीठ, हिरवी मिरची. हाताने कालवून, अंगणात उन्हाला पाठ करून खायचं. ते बंद खोलीत हीटरपुढे खाल्लं तर चवच लागत नाही.

थंडीचा अंदाज : भीमतालला दुपारी वीसच्या आसपास, पहाटे सात-आठ अंश. नैनितालला तीन-चार अंश कमी. एक जाड कोट आणण्यापेक्षा बनियन, पातळ स्वेटर, वारा अडवणारं जाकीट असे थर आणा, कारण दुपारी उन्हात टी-शर्टवर बसता येतं आणि साडेचारला कानटोपी लागते. फरशा बर्फासारख्या गार असतात, लोकरी मोजे प्रत्येकी दोन जोड. घसरणार नाहीत असे बूट, सासूबाईंची काठी, टॉर्च. रोख पैसे भीमतालच्या बाजारातून काढून ठेवा, साततालला नेटवर्कचा भरवसा नाही. अंधार पडल्यावर तळ्याकाठच्या वा रानातल्या पायवाटेने फिरू नका, मुलाला तर अजिबात सोडू नका. या भागात बिबट्याचा वावर आहे, आणि 'बाघ आया था' असं घरमालक म्हणाला तर तो गंमत करत नसतो. पायवाटेच्या कडेची काटेरी लव असलेली हिरवी पानं, बिच्छू घास, मुलाला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. हात लागला तर तासभर आग होते. नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त आणा, आणि मोठ्या इस्पितळासाठी हल्द्वानी, म्हणजे दीड तास खाली, हे मनात असू द्या.

शनिवारी निघायच्या दिवशी साडेतीनची गाडी असेल तर बाराला खोली सोडा, जेवून एकला निघा. त्या सकाळी काहीही 'उरलेलं' बघायला जाऊ नका. समोरून वर येणाऱ्या गाड्यांची रांग असेल आणि अरुंद वळणांवर खाली जाणाऱ्यालाही थांबावं लागतं. काठगोदामला तासभर आधी पोचलात तर स्टेशन छोटं आणि नीटस आहे, फलाटावर मागे डोंगर दिसतो. टूरवाल्याने आगाऊ रक्कम परत द्यायला खळखळ केली तर त्याला दिल्लीची खोली आणि काठगोदाम-भीमतालची गाडी एवढंच करायला सांगा, बाकीचं फोनवर तुमचं तुम्हाला जमेल.